तिसरी शिट्टी

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी भरदुपारी मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये उसळीची वाटी घेऊन उभी होते, आणि स्पीकरवर मीच वाजायला लागले.

मी म्हणजे माझा कीबोर्ड. स्वतःचा हात माणूस विसरत नाही. दोन सूर वर चढायचे, तिसरा जरा ओढून खाली यायचा, आणि पाठीमागे ऑक्टोपॅडचा तो धडधडणारा ठेका. ही चाल मी वाकोल्याच्या चाळीत बसवली होती, वीस-बावीस वर्षांची असताना. त्यानंतर पंचवीस वर्षं मी तिचं नाव काढलं नव्हतं. हातातली वाटी कलंडली, रस साडीवर सांडला, तरी मला पत्ता नाही.

शेजारच्या विंगमधल्या नव्या सुनेची मंगळागौर होती. जागरण-बिगरण आता आमच्या कांदिवलीत कोणी करत नाही. दुपारी तीन तास हॉल घ्यायचा, शिवलेल्या नऊवाऱ्या चढवायच्या, खेळ खेळायचे आणि सहाला चावी वॉचमनकडे द्यायची. गाणी मोबाईलवरून.

"कोणी लावलंय हे?" मी ओरडलेच.

नव्या सुनेच्या नणंदेने मोबाईल पुढे केला. "काकू, फुगडीसाठी एकदम झकास आहे ना? आख्खा अल्बम आहे."

अल्बमचं नाव, 'कीबोर्डवाल्या पोरी : टॉप बारा'. वर फोटो. दोन वेण्या घातलेली, खाली मान घालून कीबोर्डकडे बघणारी मी, आणि शेजारी ऑक्टोपॅडच्या काठ्या हवेत उडवून फोटोवाल्याकडे बघून हसणारी ती. खाली दोघींची नावं. माझं आधी.

माझी मुलगी खांद्यावरून डोकावली. "आई, ही तू आहेस? दोघीच, कीबोर्ड आणि पॅड? अगं, म्हणजे तुम्ही सिंथ-पॉप ड्युओ होतात! आणि तुमचा ग्रेटेस्ट हिट्स आलाय, आणि तू घरात बोलली पण नाहीस?"

"आम्ही मंगळागौरी वाजवायचो गं," मी म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी बोटं चोरून कोणी तरी बाजारात मांडली होती, आणि कोणी ते मला पक्कं माहीत होतं.

ती आणि मी एकाच चाळीतल्या. तिचे वडील गिरणीत, मूळचे मालवणचे. माझे वडील एका ऑफिसात हेडक्लार्क. आमच्याकडे कीबोर्ड आला, तो माझ्या भावासाठी. त्याने आठ दिवसांत सोडला, मी धरला. तिच्याकडे ऑक्टोपॅड आला, तो तिच्या मामाच्या वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीतून, दोन पॅड मेलेले असल्यामुळे. सहा पॅडवर ती आठांचं काम करायची. चाळीत एका मंगळागौरीला गाणाऱ्या बाईचा घसा बसला म्हणून आम्ही दोघी गंमत म्हणून बसलो, आणि बायका अशा काही फुगड्या खेळल्या की पुढच्या श्रावणात सांताक्रूझपासून घाटकोपरपर्यंत आम्हाला बोलावणी. कीबोर्डवाल्या पोरी, हेच आमचं नाव पडलं. माझ्या कीबोर्डमध्ये बासरी होती, व्हायोलिन होतं, पण बायकांना आवडायचा एकच आवाज, अवकाशयान उतरत असल्यासारखा. झिम्म्याला तोच, पिंग्याला तोच.

मग आम्ही कॅसेट भरली. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत, दुपारी, खिडक्या लावून, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवून. चाळीत दवंडी पिटली होती, तासभर कोणी भांडू नका. पडद्यापलीकडे तिच्या आईने कुकर लावला होता. दोन शिट्ट्या झाल्यावर आम्हाला वाटलं, झालं. आम्ही फुगडीची चाल सुरू केली, मस्त रंगात आली, वेग चढत गेला, आणि ऐन मध्यावर तिसरी शिट्टी झाली.

साधीसुधी नाही. त्या कुकरची शिट्टी म्हातारी होती. आधी घरघर करायची, मग वर जाऊन दोन तुकड्यांत फुटायची. मी नाक मुरडलं आणि हात उचलणार, तेवढ्यात हिने काय करावं? शिट्टीच्या शेपटावर पॅडवर एक तुकडा असा वाजवला, तडतड तडतड धूम, की जणू शिट्टी ठरवून घेतली होती. मग ठेका पुढे चालू. मला पण वाजवत राहावं लागलं.

"परत घेऊ," मी म्हटलं.

"येडी झालीस काय? राहू दे. एक नंबर झालंय यार."

कॅसेटच्या कॉप्या निघाल्या. आणि बायकांनी त्या शिट्टीचं काय केलं माहिती आहे? शिट्टी झाली की फुगडी उलटी फिरवायची, असं ठरवून टाकलं. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. पण वाकोल्यापासून मुलुंडपर्यंत बायका शिट्टीची वाट बघत गरागरा फिरायच्या, शिट्टी झाली की झटक्यात पाय बदलायच्या, आणि जिला जमलं नाही ती धप्पकन खाली. हशा, किंचाळ्या. प्रत्यक्ष वाजवायला गेलो की बायका ओरडायच्या, "शिट्टी पाहिजे!" मग ती तोंडाने शिट्टी मारायची. मी प्रत्येक वेळी नाक मुरडायची. मला ती आमच्या संगीतातली घाण वाटायची.

तर आता हॉलमध्ये तीच चाल चालू होती. मुली फिरत होत्या, वेग चढत होता. मला वेळ तोंडपाठ. आता येईल, आता.

शिट्टी आलीच नाही.

तिथे काहीच नव्हतं. नुसता ठेका, गुळगुळीत. तिचा तो तडतड तुकडा होता, पण शिट्टीशिवाय तो उगाच मध्येच टपकल्यासारखा वाटला. मुली त्याच दिशेने फिरत राहिल्या. पण कोपऱ्यात चार पन्नाशी-साठीच्या बायका हौसेने दोन जोड्या करून फिरत होत्या. त्या चौघींनी, शिट्टी नसताना, बरोबर त्या क्षणाला पाय बदलले. शेजारच्या मुलींवर जाऊन धडकल्या. एकीचा अंबाडा सुटला. "अगं बाई, शिट्टी कुठे गेली?" ती जमिनीवर बसूनच म्हणाली.

मी तिथेच खुर्चीत बसले. जी शिट्टी काढायची म्हणून मी आयुष्यातली एकुलती एक मैत्रीण घालवली, ती निघाली होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या अंगाचा संताप संताप झाला. कोणी काढली? का काढली? तिची हिंमत कशी झाली?

भांडण कसं झालं ते सांगते, कारण त्यात मी काही शहाणी नव्हते. कॅसेट काढणारा एक माणूस आमच्याकडे आला होता. म्हणाला, मी छापतो, फक्त ती शिट्टी काढून परत वाजवून द्या. मी तयार. ती म्हणाली, शिट्टीशिवाय नाही. चाळीच्या गॅलरीत आमची जुंपली. तो माणूस उभा, तिची आई उभी, दारादारांतून लोक. ती म्हणाली, "अगं, त्या शिट्टीनेच चाललंय ते, तुला ऐकू येत नाही का?" आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मला ऐकू येतं. तुला कानच नाहीत! नुसतं बडवता येतं म्हणजे संगीत नव्हे. मामाच्या बेंजोतच जा तू."

तिने ऑक्टोपॅडची वायर काढली, कोपरावर नीट गुंडाळली आणि घरात गेली. मी कीबोर्डमधला तयार ठेका लावून एकटीने कॅसेट केली. स्वच्छ. ती कोणी वाजवली नाही. पुढे लग्नं झाली, चाळ पडली, टॉवर झाला, ती कुठे गेली मी विचारलं नाही.

चाळीतल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर त्याच संध्याकाळी तिचा पत्ता मागितला. मुलुंडचा मिळाला. नंबर पण द्या म्हटलं, तर एकीने लिहिलं, "फोन करून उपयोग नाही. घरीच जा." मला वाटलं, उचलणार नाही म्हणून. मनात म्हटलं, उचलू नकोस, मी दारात येते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास तिच्या दारात उभी राहिले. सगळं भाषण तयार होतं. बेल दाबली, वाजली नाही, पण दाराच्या फटीतून आत दिवा उघडझाप करताना दिसला. दार उघडलं. केस पांढरे, अंगाने भरलेली, पण तीच. मी तिला बोलूच दिलं नाही. न विचारता अल्बम काढलास, माझा फोटो लावलास, आणि वर शिट्टी काढलीस, लाज नाही वाटली, पंचवीस वर्षांपूर्वी मी सांगत होते तेव्हा मोठी तत्त्वं सांगत होतीस, आणि आता! असं एका दमात. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मला वाटलं, घाबरली.

"हळू बोल," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट, जरा मोठा, कुठे चढावं कुठे उतरावं ते हरवल्यासारखा. "आणि एका वेळी एकच शिवी दे. मला ऐकू येत नाही गो. ओठ बघून समजून घेते मी."

मी दाराची चौकट धरली. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग वाटलं, देवा, चेष्टाच असू दे.

"अजिबात?"

"अजिबात. सहा वर्षं झाली. आधी डावा, मग उजवा. नस गेली म्हणाले. मशीन लावून बघितलं, नुसती खरखर येते, कॅसेट संपल्यावर यायची ना, तशी." आणि मग हसून मालवणीत, "इलंस ती इलंस, आता भायरच उभी रवतलंस काय?"

मी आत गेले. तुला कानच नाहीत. हे वाक्य माझ्या डोक्यात असं घणघणायला लागलं की तिचं पुढचं निम्मं मी ऐकलंच नाही. कानवाली मी, आणि ऐकत नव्हते. देव वगैरे मी फार मानत नाही, पण त्या खोलीत मला आपल्या जिभेची भीती वाटली.

ती सांगत होती की कान गेल्यावर तिला रोज आमची गाणी आठवायची, एकेक ठोका. ती पण विसरायच्या आत कुठे तरी ठेवावीत म्हणून तिने जपलेल्या कॅसेट अंधेरीच्या एका स्टुडिओत नेऊन दिल्या. बारा गाणी तिने डोक्यातून निवडली. मला विचारायचं तिच्या मनात होतं. पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. स्टुडिओवाला काही तरी म्हणाला, एकदम साफ करून देतो. तिला वाटलं, धूळ.

"बाकी जाऊ दे. तुला शिवी द्यायचीय ती दे नंतर," ती म्हणाली. "आधी सांग, शिट्टी कशी आलीय? कोणाला विचारलं तर आपलं छान छान म्हणतात. त्यांना काय कळतं? मी हे सगळं त्या शिट्टीसाठी केलंय."

दारातलं माझं भाषण तिला कळलंच नव्हतं. बरं झालं, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज पण वाटली.

तिने मोबाईलवर गाणं लावलं, टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला. अचूक. एक मात्रा इकडे नाही, तिकडे नाही. डोळे माझ्यावर. ती जागा आली तसा तिने हात हवेत उचलला. स्पीकरमधून गुळगुळीत ठेका येत होता.

"आली ना?"

"आली," मी ओठ नीट हलवून म्हटलं. "मस्त आली."

तिने हात खाली घेतला. गाणं बंद केलं. "खोटं बोलतेस."

"नाही गं."

"शिट्टी आली की तू नाक मुरडतेस. हजार वेळा बघितलंय मी. आत्ता मुरडलं नाहीस." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "गेली?"

मी मान हलवली. मूळ कॅसेट त्या स्टुडिओच्या मशीनमध्येच गुंतून तुटली होती, ते तिने मग सांगितलं. जुन्या कॉप्या कोणाकडे उरल्या नव्हत्या. म्हणजे संपलं. ती रडली नाही. मी रडायच्या बेतात होते.

मग ती उठली, पदर खोचला. "तशी पण जेवायची वेळ झालीय. कुकर लावते. मोबाईल आहे ना तुझा? रेकॉर्डिंगला लाव."

डाळ-तांदूळ धुऊन तिने कुकर चढवला. मी मोबाईल ओट्यावर ठेवून बटण दाबलं. पहिली शिट्टी झाली. तिने कुकरचं वजन वर उडालेलं बघितलं, पण तिला पसंत नव्हतं. "तिसरी घ्यायची. पहिली कोवळी असते." आणि ती माझ्याकडे पाठ करून मिरच्या चिरायला लागली.

दुसरी शिट्टी झाली. तिच्या पाठीकडे बघत, पंचवीस वर्षं घशात अडकलेलं मी एकदाचं बोलले. "माझं चुकलं. तुला कान होते. माझ्यापेक्षा चांगले होते." बोलून टाकलं आणि हलकं वाटलं. ती मिरच्या चिरत राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला काय कळणार? मी भिंतीला सांगत होते.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली. "काय?"

"काही नाही," असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तिचे डोळे माझ्या ओठांवर येऊन थांबले होते, कुठे पळायला जागा नव्हती. मग तेच सगळं, तोंडावर, एकेक अक्षर ओठांनी नीट करून, हळूहळू म्हणावं लागलं. माझं. चुकलं. तुला. कान. होते. माझ्यापेक्षा. चांगले. होते. आयुष्यात इतकं कठीण काही वाजवलं नव्हतं मी. आवाजात लपता येतं, ओठांत नाही.

"परत," ती म्हणाली.

परत म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं ती म्हणाली, "रडू नको, ओठ वाकडे होतात, वाचता येत नाही." आणि मग शांतपणे, "तू बोललीस ना तेव्हा गॅलरीत, तेव्हा मला ऐकू येत होतं गो. मग कान गेले, सगळे आवाज गेले. ते वाक्य राहिलं. काय करणार."

तेवढ्यात कुकर घरघरला. मी तीन बोटं दाखवली, तिचं लक्ष वजनावर गेलं. तिने ओट्यावरचे दोन चमचे उचलले. तिसरी शिट्टी उठली, वर गेली, आणि वजन जसं खाली बसायला लागलं तसं हिने ओट्याच्या कडेवर वाजवलं, तडतड तडतड धूम. तोच तुकडा. तोच.

मी मोबाईल उचलला. "थांब, आधीचं माझं बोलणं सगळं रेकॉर्ड झालंय. ते कापून नुसती शिट्टी..."

"कापायचं नाही."

"अगं, लोक ऐकतील!"

"गॅलरीत पण लोक होते," ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली.

स्टुडिओवाल्याने मला फोनवर विचारलं, मॅडम, शिट्टी बसवतो, पण आधी कोणी तरी बाई काही बोलतेय, चमचे पण वाजतायत, ते साफ करू ना? मी म्हटलं, साफ हा शब्द परत काढलास तर मी अंधेरीला येईन.

चौथ्या मंगळवारी आमच्याच हॉलमध्ये दुसऱ्या एका सुनेची मंगळागौर होती. मी तिला मुलुंडहून घेऊन आले. साठेक बायका, शिट्टी झाली की उलटं फिरायचं हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली, पायांत स्पीकर घेऊन. फुगडीची चाल लागली, वेग चढला, आणि ठेक्याच्या खालून बारीक, पण स्वच्छ, माझा आवाज आला. माझं. चुकलं. एकीने फिरता फिरताच विचारलं, "कोण बोलतंय गं हे?" माझे कान तापले. कुठे बघावं मला कळेना.

समोर ती फुगड्यांकडे बघतच नव्हती. शिट्टी झाली की साठ बायका उलट्या फिरणार होत्या, ते तिला डोळ्यांनी सहज दिसलं असतं. पण ती पुढे वाकून माझ्या नाकाकडे बघत होती.

घरघर झाली. शिट्टी वर गेली. मी नाक मुरडलं, आणि तिने दोन्ही हात उचलले.